एकेचाळीस किलोची खिंड

पुण्यात ज्या भाड्याच्या स्कूटरवरून लोक टीव्हीवर एकमेकांच्या उरावर बसत होते, त्यांतली एक शेवटी वेल्ह्याकडच्या आमच्या खिंडीत येऊन दमली. माझी धाकटी बहीण पुण्यात राहते. तिच्या सोसायटीत तेव्हा दोन वाद पेटलेले. मोबाईलवरून उघडणाऱ्या या स्कूटर लोक कुठंही सोडून जातात, त्या फुटपाथवर असाव्यात की नसाव्यात, हा एक. शाळेनं मुलांची वजनं मोजून घरी कळवावीत की नाहीत, हा दुसरा. ती फोनवर तासन्‌तास सांगायची. मी भोरला ओट्यापाशी पोळ्या लाटत ऐकायचे आणि म्हणायचे, तुम्ही रिकामटेकडे आहात, आमच्याकडे असले वाद होत नाहीत. देवानं ते ऐकलं असावं.

मी भोरात राहते आणि वेल्ह्याच्या बाजूला एका डोंगरातल्या गावात प्राथमिक शाळेवर शिकवते. सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि खिंड चढून चार किलोमीटर चालायचं. फाट्याजवळच्या वाडीतली शाळा पटाअभावी बंद झाली, तेव्हापासून तिथली चार मुलंही माझ्याबरोबर खिंड चढायला लागली. पहिलीतली दोन, तिसरीतला एक आणि सातवीतली एक मुलगी. ही मुलगी अंगानं भरलेली, आईसारखी उंच, आणि धाकट्यांची दप्तरंही तीच उचलायची.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या शाळेत वजनं होतात. काटा व्हरांड्याच्या एका टोकाला आणि गुरुजींचं टेबल दुसऱ्या टोकाला, कारण टेबलाचा एक पाय तिथल्याच खळग्यात नीट बसतो. म्हणून मी काट्यावरचा आकडा ओरडायचा आणि गुरुजींनी तो वहीत लिहायचा. मला आवाज आहे आणि तो मला आवडतो. ज्यांचं वजन कमी भरेल त्यांना जास्तीचं अंडं मिळायचं, त्यामुळं आया मुलांना उपाशीपोटी पाठवायच्या आणि आकडा कमी आला की खूश व्हायच्या. जुलैमध्ये ही मुलगी काट्यावर चढली. मी ओरडले, "बावन्न." गुरुजींना नीट ऐकू गेलं नसावं असं वाटून परत ओरडले, "पाच दोन, बावन्न." मुलं हसली. खरं सांगायचं तर मीही थोडी हसले.

त्या दिवसापासून तिचं नाव बावन्न पडलं. खो-खोत "बावन्न, खो". प्रार्थनेत "बावन्न, सरक". मला ऐकू येत होतं. पोरांची गंमत आहे, चार दिवसांत विसरतील, असं मी स्वतःला सांगत होते.

मग स्कूटर आली. गावातला एक जण पुण्यात गोदामात कामाला होता. स्कूटरवाल्या कंपनीनं गाशा गुंडाळल्यावर जुन्या गाड्या तिथं पडून होत्या, त्यातली एक त्यानं खटपट करून ग्रामपंचायतीसाठी मिळवली. हिरवीगार, अंगावर मोठा नंबर. मोबाईलशिवाय चालावी म्हणून त्यानं आतली एक तार कापली. पण तिच्यातली बोलणारी बाई काही केल्या गप्प बसेना. गाडी मनाविरुद्ध थांबली की ती गोड आवाजात म्हणायची, कृपया वाहन नेमून दिलेल्या जागी उभे करा. खिंडीत एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. एक म्हातारबा तर तिच्याशी भांडायचेच, की तूच दाव ती जागा.

गाडी सगळ्या गावाची, म्हणजे भांडणंही सगळ्या गावाची. एकानं तिच्यावरून शेळी नेली. एक जण तिच्यावरून किकवीकडं मुलगी बघायला गेला आणि गाडी आपली स्वतःची आहे असं सांगून बसला. चहा चालू असताना अंगणातून आवाज आला की आपली भाड्याची वेळ संपली आहे. ती सोयरीक तिथंच मोडली. त्या घरच्यांनी ग्रामसभेत येऊन गाडीबद्दल तक्रार केली, नवरदेवाबद्दल नाही. शेवटी सरपंचबाईंनी निकाल दिला की सकाळी आणि संध्याकाळी गाडी शाळेची. परवाना असलेली, त्या वेळी फाट्यावर उतरणारी मी एकटीच, म्हणून गाडी मी चालवायची आणि वाडीतली पोरं मागं बसवायची. हे कायद्यात बसत नाही असं मी म्हणाले. खिंडीत कायदा कोण बघायला येतोय, असं उत्तर मिळालं.

प्रश्न एवढाच होता की चढावर गाडी ओझं किती ओढते. गावात एक म्हातारे मापाडी आहेत. सगळी उमर त्यांनी बाजारात धान्य मापण्यात घालवली. माप टाकताना पहिल्या मापाला ते एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. त्यांच्या हाताखाली प्रयोग झाला. मी गाडीवर, मागं इंद्रायणी तांदळाचे कट्टे आणि वर किलोकिलोच्या पिशव्या. सारी बाजारपेठ माझ्या पाठीला बांधून मी खिंड चढायची. वळणावर गाडी थांबली की बाई बोलायची, पोरं टाळ्या पिटायची आणि मापाडी एक पिशवी कमी करायचे. बॅटरी मध्येच उतरायची म्हणून हे तीन दिवस चाललं. एकेचाळीस किलोला गाडी चढली, बेचाळीसला थांबली. ग्रामसभेत ठराव झाला की सदर वाहनावर एकेचाळीस किलोपर्यंतचे विद्यार्थी घेण्यात यावेत.

आणि मुलांची वजनं तर आमच्या वहीत तयारच होती. पहिलीतलं एक अठरा, दुसरं एकोणीस, तिसरीतला तेवीस. अठरा आणि एकोणीस बसत होते. अठरा आणि तेवीस तर काट्यावर काटा, बरोबर एकेचाळीस. ज्या वहीत आया आकडा कमी यावा म्हणून देव पाण्यात ठेवायच्या, त्याच वहीवर आता गाडीची जागाही ठरायला लागली. बावन्न कशातच बसत नव्हती. उरलेल्या एका पोराचा हात धरून ती चालत यायची आणि मी तिच्या शेजारून हॉर्न वाजवत पुढं जायचे. हॉर्न आपुलकीनं वाजवायचे, एवढं मात्र खरं.

एक दिवस व्हरांड्यात तिनं मला गाठलं. "बाई, माझं एकटीचं एकेचाळीस झालं तर बसीवनार?"

मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हणाले, "बसवीन की. नियम म्हणजे नियम."

पुढच्या वजनाच्या शनिवारी तिचं वजन एकोणपन्नास भरलं. त्याच्या पुढच्या महिन्यात शेहेचाळीस. मी दोन्ही वेळा मोठ्यानं शाब्बास म्हणाले. गुरुजींनी चष्म्यावरून बघत विचारलं की सातवीतल्या पोरीचं वजन घटतंय कसं. मी म्हणाले, वाढीचं वय आहे, चालणं होतंय. खिचडी शिजवणारी ताई मला सांगत होती की ती आपलं ताट दुसऱ्यांना देते. मला त्यात तिचा चांगुलपणाच दिसला.

मग एका सकाळी खिंडीच्या वळणावर ती दगडावर बसलेली दिसली. ओठ पांढरे, कपाळावर घाम, आणि पहिलीतलं पोरगं तिला पाटीनं वारा घालतंय. मी गाडी थांबवली. ती उठायला गेली, पण उठता येईना. म्हणाली, "बाई, आता चवेचाळीस झालं आसंल. तीनच ऱ्हायलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागची दोन्ही पोरं खाली उतरवली आणि तिला बसवलं. दहा पावलांवर गाडी थांबली. गाडीतली बाई गोड आवाजात म्हणाली, कृपया वाहन नेमून दिलेल्या जागी उभे करा. मी पायातली चप्पल काढली आणि त्या हिरव्या गाडीला चार सणसणीत हाणल्या. एका सरकारी शिक्षिकेनं विद्यार्थ्यांसमोर असं करायला नको होतं. पहिलीतली पोरं त्याची नक्कल अजूनही करतात.

त्यानंतर चार दिवस ती शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी ग्रामसभा होती. विषय गाडीच्या टायरचा होता. तिची आई आली, मागं दारात तीही उभी होती. आईनं सांगितलं की डब्यातली भाकरी रोज कुत्र्याला पडत होती, आणि आता पोरगी म्हणते, शाळाच नको. लोक हळहळले. कुणी म्हणालं, नियमात तिच्यापुरती सूट द्या. कुणी म्हणालं, गाडीला सूट कळत नाही.

आई म्हणाली, "ते एकेचाळीस गाडीचं न्हाई. ते बाईंचं हाय. पोती बांदली तवा म्होरं बाईच बसल्या हुत्या ना. त्या हलक्या आसत्या तर माझी पोर बसली आसती. आता बाईंचं मोजा."

इतके महिने एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मी गणित शिकवते, माझ्याही नाही. मग गावाला उत्साह चढला. मोजताना साडी धरायची का? हेल्मेट कुणाच्या खात्यात? डबा येताना भरलेला असतो, जाताना रिकामा, मग सरासरी काढायची का? एकानं बाईंनी संध्याकाळचं जेवण सोडावं अशी सूचना मांडली आणि दुसऱ्यानं तिला अनुमोदन दिलं. भोरमधल्या माणसांची हाडंच जड असतात, असंही कुणीतरी म्हणालं. गावाला हवी तशी शिक्षिका मागताना अर्जात वजनाची अट घालता येते का, हे ग्रामसेवक खरोखर टिपून घेत होते. इकडं गिरणीतला पोत्यांचा काटा दोघांनी उचलून आणला.

मी नाही म्हणू शकले असते. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? मी चपला काढल्या, पर्स खाली ठेवली आणि काट्यावर चढले. शंभर एक डोळे माझ्या पोटावर होते. मी दाराकडं बघितलं. ती पोरगी हसत नव्हती. तिनं मान खाली घातली होती, काट्यावर आपणच उभे आहोत अशी. तेवढ्यात मला माझा स्वतःचा आवाज आठवला. पाच दोन, बावन्न.

मापाडी वाकले. त्यांनी आकडा नीट बघितला, कमरेत सरळ झाले आणि म्हणाले, "लाभ."

किती, किती, असा गलका झाला. सरपंचबाईंनीही विचारलं. मापाडींनी काट्यावर आपला पंचा टाकला.

"पोत्याचं वजन मोट्यानं सांगायचं, म्हंजी कुनी चोरत न्हाई. मान्साचं पोटात ठिवायचं. लेकराचं तर लईच."

त्यांच्यापुढं कुणाचं चाललं नाही. ते माझ्याकडं बघूनही म्हणाले नव्हते, पण ते वाक्य माझ्यासाठीच होतं असं मला वाटलं. मी काट्यावरून उतरले आणि चपला घातल्या. हळू आवाजात एवढंच म्हणाले की गाडी मी सोडली, मी चालत येईन. वाडीतली अंगणवाडीची ताई रोज गावातच कामाला येते. वाळक्या काटकीसारखी आहे आणि माहेरी स्कूटर चालवत होती. ती चालवायला बसली आणि तीनही धाकटी पोरं मागंपुढं मावली. गाडीनं तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर उतरून मी त्या मुलीच्या घरी गेले. आईनं चहा पुढ्यात ठेवला आणि पाठ फिरवून चुलीकडं गेली. मी पोरीला म्हणाले, माझी चूक झाली, आणि मला खिंड एकटीनं चढवत नाही. दुसरी गोष्टही खरीच होती. तिनं दप्तर घेतलं.

वळणापर्यंत मी तीनदा थांबले. ती पुढं जाऊन माझ्यासाठी उभी राहायची. शेवटी आम्ही दोघी त्याच दगडावर बसलो. खालून हिरवी गाडी पोरं घेऊन आली, ताईनं हॉर्न वाजवला आणि ती वर निघून गेली. डबा तिच्या मांडीवर होता, झाकण बंद. ती गाडी गेली त्या दिशेनं बघत होती.

मग म्हणाली, "बाई, तुमचं किती भरलं?"

मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडं तीन किलो कमी सांगते. "चौऱ्याहत्तर," मी म्हणाले. व्हरांड्यातल्यासारखं, मोठ्यानं. खिंडीत आवाज घुमतो, तो समोरच्या कड्यावरून परत आला.

तिनं ऐकून घेतलं. डबा उघडला, भाकरीचे दोन तुकडे केले. मोठा स्वतःला ठेवला आणि लहान मला दिला.

आता शनिवारी मी आकडा कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून गुरुजींकडं पाठवते. त्यात वेळ फार जातो म्हणून ते कुरकुरतात. तिला बावन्न म्हणणारी पोरं अजून दोन-चार उरलीत. आणि माझा आकडा तिला माहीत आहे. एका शब्दानं तिला फिट्टंफाट करता आली असती, दिवाळीनंतरचं सगळं सत्र तिच्या हातात होतं. पण आजपर्यंत त्या शाळेत मला कुणी चौऱ्याहत्तर म्हटलेलं नाही.