बावतीस आणि पंख्याचा ताबा

“दिगू, हात लावू नको! त्या स्विचला हात लावू नको, तुझ्या...!” पुढचा शब्द वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापण्यासारखा नाही. बावतीस आमच्या पडवीतून बोंबलत होता आणि मी तोवर मेन स्विच खाली ओढलाही होता. तीनेक वर्षांपूर्वीची ऑक्टोबरची दुपार, आभाळात पहिला गडगडाट. ढग वाजला की घरातल्या पुरुषानं आधी मेन बंद करायचा, ही नंदाखाल गावातल्या आमच्या घरात वडिलांपासूनची रीत. त्यांच्या काळात माडावर वीज पडून टीव्ही फुटला होता. मी सांगतो तेव्हा त्या टीव्हीतली बातम्या देणारी बाई अंगणात येऊन पडते, पण टीव्ही फुटला एवढं खरं. हात आपोआप गेला. मागे वळून पाहिलं तर टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा काळाठिक्कर, आणि बावतीसचा चेहरा त्याहून काळा.

बावतीसला जाऊन सहा आठवडे झाले. “दिगू, बावतीस गेला,” एवढंच त्याची बायको, रोझीवहिनी, फोनवर म्हणाली. आमची पहिलीपासूनची दोस्ती. चर्चमध्ये मिस्सेला जाणारा तो, देवळात जाणारा मी, आणि मार खायला दोघं एकत्र. पुढे त्यानं आगाशीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मी केळी लावली. माती देताना, महिन्याच्या मिस्सेला, जिथे चार माणसं भेटली तिथे मी त्याचे किस्से सांगितले, नेहमीसारखे फुगवून. ही एक गोष्ट मात्र गिळली. ती न फुगवता सांगावी लागते, आणि तशी सवय मला नाही.

कॉम्प्युटर माझ्या बायकोचा, सुनंदाचा. दहा वर्षं ती गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांची लग्नातली गाणी रेकॉर्ड करत होती. त्यातल्या निम्म्या बायका आता नाहीत. सगळी गाणी त्या एकाच डिस्कवर. आणि मशीन इतकं तापायचं की वर बोंबील भाजून निघाले असते. पाच मिनिटं चालायचं, बंद पडायचं. सुनंदा बहिणीकडे गेली होती, पाचपर्यंत परतणार होती. मी म्हटलं, येईपर्यंत दुरुस्त करून टाकू, खूश होईल.

“पंखा ठीक आहे,” बावतीस म्हणाला. “भांडण ताब्याचं आहे. बटण दाबलं की मशीन पहिल्यांदा फर्मवेअरच्या हातात. बोर्डावरच्या चिपमध्ये राहतो तो, जुना मालक. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, सगळं तोच तपासतो, मग ऑपरेटिंग सिस्टमला उठवतो आणि चाव्या देतो. काय तुझं, काय माझं, त्याची यादीपन देतो.”

“मग?”

“तुझ्या बाबांनी वाडी तुला दिली आन विहिरीच्या पंपाची चावी कमरेलाच ठेवली, तसं. यादीत लिहिलंय, पंखा सिस्टमचा. सिस्टम फिरवायला जाते, तर हा सोडत नाय. मालक दोघं, फिरवनारा कोन नाय.”

इलाज म्हणजे फर्मवेअरची नवी आवृत्ती, दुरुस्त यादीसकट. ती चिपमध्ये लिहिली जात असताना वीज गेली तर चिप अर्धी जुनी, अर्धी नवी, आणि मशीन ठार. आमचा यूपीएस दोन वर्षांपूर्वीच मेला होता. म्हणून बावतीसनं दोनदा विचारलं, “वीज जानार नाय ना?” आणि मी छाती ठोकून म्हणालो, “माझ्या शब्दावर चालव.” वीज गेली नाही, हे लक्षात घ्या. ती मी घालवली.

मेन पुन्हा वर केला. बटण दाबलं. काहीच नाही. बावतीसनं डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली. “कुलूप आहे रे हिला. चावी त्या बोर्डातच. नायतर वहिनीकडे नंबर लिहिलेला असेल.” त्या नंबरची चिठ्ठी होती, पण सुनंदानं ती जपून ठेवलेली, म्हणजे ती कुणालाच सापडणार नव्हती. बोर्ड उठला नाही तर दहा वर्षांची गाणी गेली. घड्याळात सव्वातीन.

नशीब एवढंच की, नवं लिहिण्याआधी बावतीसनं चिपमधलं जुनं सगळं लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवलं होतं. ते तसंच्या तसं परत गेलं, तर मशीन उठेल आणि ओळख पटून कुलूपही उघडेल. नखाएवढ्या चिपला आठ पाय, त्यावर बसणारा एक चिमटा, चिमट्याची वायर लॅपटॉपला. पण चिमट्याची स्प्रिंग सैल, आणि बावतीसचे दोन्ही हात लॅपटॉपवर. “तू धर,” तो म्हणाला. “हलायचं नाय. आन दिगू... तोंड बंद.”

माझा आवाज राजोडीच्या किनाऱ्यावर सुटला तर चिंचोटीच्या धबधब्याखालचा माणूस ओ देतो. असा मी, ओणवा, चिमटा धरून, मुका! लॅपटॉपवर टक्क्यांचा आकडा सरकत होता. वीस... पस्तीस... नाकावर माशी बसली. साठवर मला राहवलं नाही, “झालं का रे?” आणि चिमटा निसटला. बावतीसनं शिवी दिली नाही. फक्त आकडा पुन्हा शून्यावर आणला. मला तेव्हा भीती वाटली.

दुसऱ्यांदा मी श्वासही उधार घेतल्यासारखा घेतला. शंभर झालं. बटण दाबलं. काळा पडदा... काळाच... आणि मग सुनंदाचा फोटो, मागे केळीची बाग.

पंख्याचं दुखणं अर्थातच तसंच होतं. म्हणून उघड्या मशीनवर टेबलफॅन सोडून आम्ही गाणी दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लागलो, आणि नेमकी त्याच वेळी सुनंदा दारात आली. मशीनचे तुकडे टेबलभर. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

“माझ्या हातून झालं, वहिनी,” माझ्या आधी बावतीस बोलला. “मधीच वीज बंद केली मी. पन गानी सगळी आहेत.”

“मला न विचारता?” सुनंदा म्हणाली. “बावतीसभाऊ, दहा वर्षं आहेत त्यात. यापुढे माझ्या मशीनला हात लावू नका.”

मी शेजारी उभा होतो. तोंड बंद ठेवा असं आता कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते उघडलं नाही. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, “तुला तिच्यासोबत राहायचंय, मला नाय.” आणि हसला. पुढे सुनंदा मशीन वसईला दाखवायला लागली, बावतीसकडे काही दुरुस्तीला देऊ नका, असं चार ओळखीच्यांनाही सांगू लागली. नाताळात तो ताट घेऊन यायचा, ती दारातच घ्यायची. आत या, म्हणायची नाही. आणि मी? मी गावभर त्या दुपारी आमच्या घरावर वीज कशी कोसळली ते सांगत फिरलो. बावतीस ऐकायचा, आणि मान डोलवायचा.

महिन्याच्या मिस्सेहून परत आलो तेव्हा सुनंदा केळफूल निवडत बसली होती. समोर बसलो आणि सगळं सांगितलं. स्विच, शब्द, चिमटा, सगळं. एकही विजेचा लोळ न घालता. ती तीन-चार फुलं तशीच निवडत राहिली.

“म्हणजे तीन नाताळ मी त्यांना उगाच दारातून परत पाठवलं,” ती म्हणाली.