तिसऱ्या खुणेपाशी बसलेला

तारापूरला वीज केंद्राचं काम सुरू झालं आणि बोईसरात वाट विचारणारी नवी माणसं वाढली. डोंगरातून मोळी विकायला येणारा एक जण आमच्या शाळेवरून जायचा. नुसतं बोट दाखवून मोकळं होणं त्याला जमायचं नाही. "चला, दावतो," म्हणत तो डोक्यावरच्या मोळीसकट मागे फिरायचा आणि विचारणाऱ्याला फाट्यापर्यंत पोचवायचा.

त्या वर्षी मी स्काउटच्या मुलांची शर्यत ठेवली. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातल्या पाच खुणा शोधायच्या. एक मास्तर शिटी वाजवणार, दुसरे वेळ टिपणार. तिसऱ्या खुणेपाशी बसून कागदांवर शिक्के मारायचं काम मी त्याला दिलं.

शिक्के त्याने नीट मारले. पण पुढे घुटमळणारी प्रत्येक तुकडी त्याने स्वतः चौथ्या खुणेपर्यंत नेऊन सोडली. शर्यतीचा विचका झाला. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "वाट दाखवायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"पोरां चुकली होती, मास्तर."

"चुकू देत! मला विचारल्याशिवाय कुणाला वाट दाखवायची नाही."

तो मान हलवून गेला.

महिन्याभराने शाळेच्या फाटकाशी एका परक्या बाईने त्याला दवाखान्याची वाट विचारली. तिच्या खांद्यावर तापाने फणफणलेलं मूल होतं. तो वळलादेखील. तेवढ्यात त्याला व्हरांड्यात मी दिसलो. तो जागीच थांबला.

"मास्तर," त्याने विचारलं, "दावू काय?"