एका नावावरचा कापूस

"दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत," सावंगीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज फाइव्ह. म्हणजे शेवटची पायरी."

"मंग गोळ्या वाढवून द्या," आमचे हे म्हणाले. जसं काही शुगरच थोडी वाढली होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी भिंतीकडे पाहिलं. तेव्हा रडू आलं नाही. फार राग आला, पण कोणावर काढावा हे कळेना.

आधी काहीच कळलं नव्हतं असं नाही. उन्हाळ्यात यांचे पाय सुजायला लागले होते. "चप्पलच तंग हाये," म्हणून हे नवी चप्पल घेऊन आले. महिनाभरात तीही तंग झाली. जेवणावरची वासना उडाली, तर म्हणे माझी भाजीच बिघडली. तुमच्याकडे कोणाचे पाय असे सुजत असतील, तर चप्पल बदलू नका, रक्त तपासा. क्रिएटिनिन नावाची एक तपासणी असते. किडनी रक्तातला कचरा किती साफ करते, ते त्यावरून समजतं.

मग डायलिसिस सुरू झालं. रक्त बाहेर काढायचं, यंत्रातून गाळायचं आणि परत अंगात सोडायचं, आठवड्यातून दोनदा. त्यासाठी डाव्या हातावर एक लहान ऑपरेशन केलं. त्याला फिस्टुला म्हणतात. धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, म्हणजे सुईला रक्ताची चांगली धार मिळते. त्या जागी बोट ठेवलं की कातडीखाली घुरघुर जाणवते. तिला थ्रिल म्हणतात. "रोज सकाळी बोट लावून बघायचं," डॉक्टरांनी मला बजावलं. "ही घुरघुर बंद पडली, तर लगेच यायचं." तेव्हापासून देवाला हात जोडायच्या आधी मी यांचा हात धरते.

या सगळ्यात एकच आधार होता. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, म्हणून पेन्शनरांच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड होतं. डायलिसिस, ऑपरेशन, इंजेक्शनं, सगळं त्यावरच चालायचं. हप्ता वर्षातून एकदा भरायचा. तो उत्पन्नावर ठरतो. ज्याची मिळकत जास्त, त्याचा हप्ता जास्त. त्यात मला गैर काही वाटलं नव्हतं, जोवर आम्ही कमी मिळकतवाले होतो.

गेल्या वर्षी हप्त्याचा मेसेज आला तो सगळ्यात वरच्या गटाचा. मला वाटलं, दुसऱ्या कोणाचा आपल्याकडे आला असेल. हे मात्र आकडा पाहून म्हणाले, "आपलाच हाये."

गंमत पाहा. गावाकडचं, रोहण्याचं शेत तिघा भावांचं. पण सासरे गेल्यापासून सातबाऱ्यावर एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून यांचं, म्हणजे थोरल्याचं, नाव. त्यामुळे सरकारी खरेदी केंद्रावर तिघांचा कापूस यांच्याच नावावर मोजला जायचा आणि पैसेही यांच्याच खात्यात यायचे. पैसे आले की हे रोहण्याला जायचे, दोन्ही भावांना ओट्यावर बसवायचे आणि ज्याचे त्याला वाटून द्यायचे. कधी चिठ्ठी नाही, चपाटी नाही. गेल्या वर्षी पहिल्यांदाच विम्याच्या अर्जात सगळं उत्पन्न विचारलं, तर या हरिश्चंद्राच्या अवतारानं तिघांच्या कापसाचा पैसा आपला म्हणून लिहून दिला. का, तर खात्यात आलेला पैसा लपवायचा कसा?

आम्ही विम्याच्या कार्यालयात गेलो. तिथली मुलगी चांगली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "काका, तुमच्या नावावर आलं म्हणजे ते तुमचंच उत्पन्न धरावं लागतं," ती म्हणाली. "भावांचे हिस्से वेगळे असतील तर वाटणीचा आदेश आणा. पण तोही पुढच्या वर्षापासून धरला जाईल."

वाटणी हा शब्द ऐकला आणि हे खुर्चीवरून उठले.

सासऱ्यांच्या तेराव्याला यांनी त्यांच्या फोटोपुढे, चारचौघांत सांगितलं होतं, माझ्या जिवात जीव आहे तोवर वाटणी होणार नाही. आमच्याकडे असा शब्द दिला की दिला. घरी आल्यावर हे म्हणाले, "यंदा हप्ता भरू. पुढच्या वर्षी डायलिसिसच बंद करून टाकू."

"मले विधवा करून एकत्र कुटुंब चालवणार काय?" मी ओरडले. सिंदी मेघ्यातल्या आमच्या शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल.

त्या वर्षीचा वाढीव हप्ता आम्ही ठेव मोडून भरला. पुढच्या वर्षी मोडायला ठेव उरली नव्हती. तरी हे हट्टाला पेटलेले. एका पाळीला डायलिसिसला गेलेच नाहीत. दोन दिवसांत फुप्फुसात पाणी साचलं आणि श्वास घेता येईना. अतिदक्षता विभागाच्या बाहेर मी बाकावर बसून होते. तिथे माणसाला काहीच करता येत नाही. दार उघडलं की उठायचं आणि बंद झालं की बसायचं. आयुष्यभर मी या घरात बोलून कामं करून घेतली, पण त्या दाराला काय बोलणार?

मधला दीर गजानन धावत आला. हे वॉर्डात आल्यावर मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो सरळ यांच्या पलंगाशी गेला.

"दादा, काऊन असा करून राह्यला? मले एका शब्दानं सांगतलं नाई."

"बाले शबूद देल्ला हाये म्या."

"तुह्या जिवात जीव हाये तोवर, असाच शबूद होता ना? मंग तो जीव आधी ठेव."

यांनी तोंड फिरवलं. गजानन पायथ्याशी बसून राहिला. शेवटी हे म्हणाले, "आर्वीले कधी जा लागते?"

आर्वीच्या तहसील कार्यालयात तिघा भावांनी वाटणीच्या कागदावर सह्या केल्या. यांनी सगळ्यात शेवटी केली. जिवाच्या बदल्यात माणसाचा शब्द काढून घेणारा हा कसला विमा, असं मनात आलं. पण ते कोणाला म्हणणार? नियम करणारे काही आमचे वैरी नव्हते.

पुढच्या वर्षीचा हप्ता खालच्या गटात आला. मी देवापुढे साखर ठेवली. यांनी खाल्ली नाही.

यंदा कापसाचे पैसे तीन खात्यांत वेगवेगळे आले. आम्ही रोहण्यालाच होतो. संध्याकाळी दोन्ही दीर आले आणि दरवर्षीसारखे ओट्यावर बसले. घ्यायचं काही नव्हतं, द्यायचं काही नव्हतं. यांनी सवयीनं बंडीच्या खिशात हात घातला आणि तसाच रिकामा बाहेर काढला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग गजाननानं यांचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. फिस्टुलावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले.

"चालू हाये," तो धाकट्याला म्हणाला. "तूबी पाह्य."