सूनबाईनं उत्तर सोडलं

किस्से कोणी जमवायला जात नाही. देवासमोर बसून वाती वळाव्यात, तसे ते होत जातात. कापूस मूठभर दिसतो, अन् डबा कधी भरला ते कळतही नाही. माझा डबा भरला तो आमच्या सूनबाईमुळे. स्नेहल गोंदिया शहरातली. आमच्या तिरोड्याजवळच्या गावात लग्न होऊन आली आणि इथल्याच हायस्कुलात नववी-दहावीला गणित शिकवू लागली. संध्याकाळी शाळेतून आली की हातपाय धुऊन माझ्याजवळ बसते, वाती वळते आणि दिवसभराचं सांगते. शाळा घरासमोरच आहे, त्यामुळे अर्धं तर मी ओट्यावरून आधीच पाहिलेलं असतं!

मी उपासतापासाची बाई. गणिताशी माझं शाळेतही जमलं नाही. म्हणून गणितातलं मला विचारू नका. मास्तरणीतलं सांगते.

*

आषाढी एकादशीला आमच्याकडे ज्यानं त्यानं काहीतरी सोडायचं, असा नेम आहे. चातुर्मास संपेपर्यंत ती वस्तू वर्ज्य. मी वांगी सोडली. शेजारच्या शांताबाईंनी चहा सोडला, आणि दुसऱ्याच सकाळी "कॉफी कुठं सोडली जी मी!" म्हणत आमच्याकडे हजर झाल्या. आमच्या ह्यांनी राग सोडला. दुपारी लाइट गेली, तेव्हा तो परत आला.

मी सुनेला विचारलं, "तू काय सोडतेस गं?"

"आई, मी उत्तर सोडते."

"कोणतं उत्तर?"

"गणिताचं. चार महिने वर्गात माझ्या तोंडून उत्तर निघणार नाही. प्रश्न देईन, सोबत बसेन, पण उत्तर मुलांनीच काढायचं. आता मी फळ्यावर सोडवते, ते उतरवून घेतात. दुसऱ्या दिवशी आकडे बदलले की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात."

"अगं, मास्तरणीनं उत्तर सोडणं म्हणजे सुगरणीनं मीठ सोडणं!"

ती हसली. "मीठ मुलं टाकतील, आई. पहिले काही दिवस खारट होईल."

*

पहिल्याच दिवशी तिनं फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहिला आणि सांगितलं, "हा पुसायचा नाही. सुटेल तेव्हा सुटेल."

प्रश्न असा. देवळासमोर शंभर दिवे रांगेत ठेवलेत, सगळे विझलेले. शंभर भक्त एकामागून एक येतात. पहिला सगळ्या दिव्यांना हात लावतो. दुसरा प्रत्येक दुसऱ्या दिव्याला, तिसरा प्रत्येक तिसऱ्या, असं शंभराव्यापर्यंत. हात लावायचा म्हणजे काय, तर विझलेला असेल तर पेटवायचा, पेटलेला असेल तर विझवायचा. सगळे भक्त गेल्यावर कोणते दिवे जळत राहतील? आणि काऊन, म्हणजे का?

संध्याकाळी तिनं हे मला सांगितलं, तर माझ्या हातातली वातच गळून पडली.

"देवापुढचा जळता दिवा विझवायचा? हे कसले गं भक्त!"

"गणिताचे, आई."

*

महिनाही झाला नसेल, टेकरामभाऊ आमच्या अंगणात आले. त्यांची करिष्मा दहावीत. पोरगी तोंडाची तिखट, पण गणिताचा तास आला की पोट दुखतं म्हणून घरी पळणारी.

"बाई," ते मला म्हणाले, "सून तुमची चांगली हाय. वागनं, बोलनं, समदं चांगलं. पन तिले गणित येत नाही म्हनते आमची पोट्टी."

"असं कसं?"

"आमालेच इचारते म्हने. 'तुला काय वाटते? कसं कळलं?' आता पोट्टीले कळलं असतं त शाळेत कायले धाडलं असतं जी?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. (घरात उत्तर सोडलेली एकच होती, पण हवा लागली असावी!)

टेकरामभाऊंचं बोलणं गावभर झालं आणि शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांपर्यंत गेलं. साहेबांची राइस मिल आहे. जगातली प्रत्येक गोष्ट ते मिलमध्ये घालून बघतात. त्यांनी स्नेहलला बोलावून सांगितलं, "मॅडम, इकडून धान टाकलं की तिकडून तांदूळ निघाला पाहिजे. तुमच्या मशीनमधून तर आवाजच येऊन राहिला फक्त! दिवाळीनंतर मी स्वतः वर्गात येऊन बसतो. पटलं नाही, तर दहावी दुसऱ्या सरांकडे."

त्या संध्याकाळी तिचं वातीत लक्ष नव्हतं. दहावीची ही मुलं तिनं नववीपासून सांभाळली होती. कापूस बाजूला ठेवून म्हणाली, "आई, व्रत मोडू का? शिकवते आपली फळ्यावर. निदान मुलं तरी माझ्याजवळ राहतील."

मी म्हटलं, "हे तुझं तू ठरव. मी एवढंच सांगते. उपास कठीण जातो तो सकाळी नाही, दुपारी. तुझी आता दुपार आहे."

सकाळी डबा घेऊन निघताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "आई, दुपार काढते मी."

*

मग आला बांध्यांचा प्रश्न. आमच्याकडे धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात आणि भोवतालच्या बांधाला धुरा. स्नेहलनं विचारलं, "दोन बांध्या आहेत. दोन्हींभोवतीचा धुरा सारख्याच लांबीचा. मग आतली जमीन सारखीच का?"

सगळा वर्ग ओरडला, "सारखीच!"

तिनं सुतळीची दोन्ही टोकं बांधून मोठा फेरा केला आणि चार मुलांना मैदानात चार कोपरे करून उभं केलं. "धुरा तोच ठेवा. बांधीचा आकार बदला."

दोघं दोघं जवळ येत गेले, बांधी लांबोळकी होत गेली. शेवटी बांधीच्या आत उभा असलेला प्रणय नावाचा जाडजूड मुलगा दोन्हीकडच्या दोऱ्यांत अडकला आणि बोंबलला, "मॅडम, धुरा त तेवढाच हाय! बांधी कुठं गेली?"

टेकरामभाऊ सायकलवरून चालले होते. ते थांबले. "अरे, पसरली लांब, एवढंच. जमीन कुठं जाते?"

करिष्मा बापाला म्हणाली, "बाबा, सांगू नका. दाखवा."

आता पोरीनंच धरलं म्हटल्यावर काय करता! सायकल कुंपणाला टेकवून गडी मैदानात आला, सुतळी हातात घेतली. चौकोन करून पाहिला, लांबोळका करून पाहिला, पुन्हा चौकोन केला. मग एकदम सुतळी खाली टाकली.

"काय झालं जी?" मी ओट्यावरून विचारलं.

"काही नाही, बाई. दादानं वाटनी केली तवा धुराच मोजून देल्ला होता!"

आणि सायकल गावाकडे न जाता शेताकडे वळली. त्या दिवसानंतर मॅडमला गणित येत नाही, असं टेकरामभाऊ कधी बोलले नाहीत.

*

श्रावणात मी आणि शांताबाईंनी मिळून सत्यनारायण घातला. प्रसादाचा रवा सव्वा किलो, दोघींनी निम्मानिम्मा आणायचा ठरला. आता सव्वाचं निम्मं किती? आजवर मी डोळ्यांनीच मोजत आले. म्हटलं, घरात मास्तरीण असताना डोळे कशाला शिणवा!

"स्नेहल, सव्वा किलोचं निम्मं किती गं?"

"तुम्हाला काय वाटते, आई?"

"अगं, मी तुझ्या वर्गातली आहे का?"

"व्रत ते व्रत. तुम्हीच म्हणता, दुपार काढायची."

मला रागच आला. पण मग ताटात रव्याचे पाव-पाव किलोचे ढीग करत बसले. झाले पाच. दोन इकडे, दोन तिकडे, उरला एक. तो मधोमध कापला.

"अडीच पाव!" मी एवढ्यानं ओरडले, की हे बाहेरून धावत आले. त्यांना वाटलं, विंचू निघाला.

प्रसादाच्या दिवशी शिरा हलवताना सूनबाई हळूच माझ्याजवळ आली. "आई, ते अडीच पाव... बरोबर आहे हे कसं कळलं?"

"आता ते पण सांगायचं? शिरा खाली लागून राहिला, बाई!"

*

विज्ञानाचे सर फार कनवाळू. एकदा स्नेहल मीटिंगला गेली, म्हणून ते तिच्या तासाला वर्गात गेले. मुलं एका प्रश्नाशी झटत बसलेली. सरांना दया आली. त्यांनी फळ्यावर भराभर उत्तर लिहून दिलं आणि शाबासकीची वाट पाहत उभे राहिले.

प्रणय म्हणाला, "सर, तुम्ही मॅडमचं व्रत मोडलं."

"अरे, मी कुठं व्रत घेतलं?"

"वर्ग त त्यायचाच हाय ना!"

मुलांनी चर्चा करून सरांना प्रायश्चित्त दिलं. एक नवा प्रश्न आणायचा, आणि सगळ्यांना गूळ-शेंगदाणे. सरांनी शेंगदाणे लगेच दिले. प्रश्न आणायला त्यांना आठवडा लागला. "बाई," ते मला रस्त्यात म्हणाले, "उत्तरं किती सोपी असतात हो!"

*

फळ्याच्या कोपऱ्यातले दिवे मात्र विझतही नव्हते आणि पेटतही नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत करिष्मा चार-पाच जणींना घेऊन आमच्या अंगणात आली. "काकू, पणत्या हायत का?" मी होत्या तेवढ्या दिल्या, तेल दिलं, माझ्या डब्यातल्या वाती दिल्या. पोरींनी रांग लावली आणि एकेक भक्त होऊन पेटवायला-विझवायला लागल्या.

तेवढ्यात वारा सुटला आणि निम्मे दिवे गेले.

करिष्मा कमरेवर हात ठेवून ओट्यावर बसलेल्या स्नेहलकडे वळली. "मॅडम, वारा बी भक्तातच धरायचा का?"

मग तेल काढून पणत्या उलट्या-सुलट्या ठेवून सुरू झालं, सुलटी ती पेटलेली, उलटी ती विझलेली. अंधार पडेस्तोवर पोरी उठल्या नाहीत. पोट दुखतं म्हणून पळणारी हीच ती करिष्मा, बरं का! जाताना मला म्हणाली, "काकू, एक दिवा किती जनांच्या हाती लागते, ते पाहा लागते. तिथंच काहीतरी हाय." काय आहे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण चालताना तिचे ओठ हलत होते. माझे जपाला हलतात, तसे.

*

देवउठनी एकादशी झाली आणि चातुर्मास संपला. सोडलेली वस्तू आधी कोणाला तरी दान द्यायची, मगच आपण घ्यायची, अशी रीत आहे. मी शांताबाईंना टोपलीभर वांगी दिली. त्यांनी मला चहापत्ती दिली. आता सूनबाईनं काय द्यायचं?

"उत्तर," ती म्हणाली. "दिव्यांचं. चार महिने झगडली आहेत मुलं, तेवढा हक्क आहे त्यांचा."

सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच दिवशी तिचं उद्यापन. मी प्रसादाचा डबा घेऊन वर्गाच्या दाराशी उभी. आणि त्याच दिवशी अध्यक्षसाहेबही आले! हेडसरांना घेऊन सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मांडी बाकात मावेना, तरी बसले. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. आज दहावी राहते की जाते!

स्नेहलचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्थिर होता. तिनं कोपऱ्यातला प्रश्न साहेबांसाठी पुन्हा मोठ्यानं वाचला. म्हणाली, "मुलांनो, थोडा वेळ देते. मग आज मी उत्तर देणार. माझं दान आहे, घ्या."

वर्ग खाली वाकला. पेनांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. बऱ्याच वेळानं तिनं खडू उचलला.

"मॅडम, नोको!" करिष्मा उभी राहिली. "आमचं थोडकंच राहिलं हाय. आता सांगसान त चार महिने पान्यात जाईन!" आणि तिनं दोन्ही कानांत बोटं घातली. तिच्या मागून प्रणयनं घातली. बघता बघता सगळ्या वर्गाची बोटं कानांत!

स्नेहल खडू हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. दान द्यायचं तर घेणारा नको का? मी काय सांगणार! मग तिनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"साहेब, मग तुम्ही घेता का उत्तर?"

साहेबांनी मान वर केली नाही. हेडसरांचा पेन त्यांच्या हातात होता, आणि समोरच्या कागदावर छोटे छोटे गोल काढून ते काही खोडत होते, काही पुन्हा गिरवत होते. डावा हात तेवढा त्यांनी हवेत उचलला.

"रुको मॅडम, रुको! सोळाव्या दिव्यापर्यंत आलो मी. कोणी बोलू नका!"