पाचव्या पडद्यापलीकडे

गिटार शिकायला लागलो तेव्हा मला पोहता येत नव्हतं, आणि या दोन गोष्टींचा संबंध होता. माझे गिटारचे मास्तर मनोरीला राहायचे. दर रविवारी दुपारी मालाडहून बसने मार्वे गाठायचं आणि तिथून होडीने खाडी ओलांडायची. खाडी काही फार मोठी नव्हे, पलीकडच्या काठावरची माणसं ओळखू येत. पण होडीत पाय ठेवला की मी पाण्याकडे बघतही नसे. गिटार छातीशी धरून मी बरोब्बर मधोमध बसायचो. एकदा टोपली घेऊन बसलेल्या एका कोळणीनं विचारलंच, "बुडालास तर त्याला धरून तरंगशील काय रे?" सगळी होडी हसली. मीही हसलो, आणि उरलेला सगळा वेळ गिटार खरंच तरंगते का याचा विचार करत राहिलो.

मी मुळातच भित्रा. ऑफिसात साहेबानं दुसऱ्या कुणाला बोलावलं तरी घाम मला फुटायचा. अशा माणसाच्या हातात गिटार आली ती माझ्या धाडसानं नव्हे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी नोकरी सोडून कायमचा गोव्याला निघाला होता. "तुमच्या घरात गाणं आहे, तूच ठेव," असं म्हणत त्यानं ती माझ्या गळ्यात मारली आणि मनोरीच्या मास्तरांचा पत्ताही दिला. नाही म्हणायची भीती वाटली, म्हणून मी घेतली. हे एकोणीसशे पन्नासनंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं.

घरात गाणं होतं ते ताईचं. म्हणजे कधीकाळी होतं. लग्नाआधी आमच्या आळीत कुठलाही समारंभ तिच्या गाण्याशिवाय पार पडत नसे. लग्न होऊन ती घाटकोपरला गेली, तीन वर्षांत मेव्हणे टायफॉइडनं गेले, आणि ती एक ट्रंक घेऊन आमच्या दोन खोल्यांत परत आली. त्यानंतर दोन वर्षं तिनं तोंडातून सूर काढला नाही. आम्हीही विषय काढला नाही. ती एका प्राथमिक शाळेत शिकवायला जायची, आल्यावर स्वयंपाक करायची आणि लवकर झोपायची.

एका संध्याकाळी मी गिटारवर चाचपडत होतो. आतून, पोळ्या लाटता लाटता, ताई म्हणाली, "निषाद उतरलाय रे तुझा." एवढंच. पण माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षांत पहिल्यांदा ती सुराबद्दल काही बोलली होती.

पुढे गणपतीच्या आधी चार महिने मंडळातल्या बायका तिला गायला बोलावायला आल्या. दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली होती हे आम्हाला कळलं होतं, विधवा बाई स्टेजवर वगैरे. ताई नाहीच म्हणणार असं मला वाटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा बरोबर वाजवणार असेल तर गाते."

त्या बायका गेल्यावर ती मला म्हणाली, "हे बघ, जमलं तर जमलं. नाही जमलं, तर पुन्हा कुणी मला गा म्हणायचं नाही. तूसुद्धा नाही."

झालं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ऑफिसातली माझी सगळी भीती फुटकळ होती. चूक झाली तर बोलणी बसायची, संपलं. इथे माझ्या एका चुकीच्या बोटानं ताईचं गाणं कायमचं बंद होणार होतं.

भावगीत एकच होतं. पहिल्या दोन कडव्यांच्या मधले आणि शेवटच्या कडव्याआधीचे वाद्याचे तुकडे पेटीमास्तरांनी माझ्यावर सोपवले. हे आमच्या शेजारचेच गृहस्थ, दम्याचे पेशंट. "मधे तू वाजव, मी जरा श्वास घेतो," असा त्यांचा साधा हिशेब. पहिल्या तालमीला त्यांनी ताईला पट्टी विचारली. आमच्याकडे गाणारा आपला सा पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मोजून सांगतो. ताईनं क्षणभर माझ्या गिटारकडे पाहिलं आणि म्हणाली, "काळी चारच."

मला हायसं वाटलं. कारण मी एक उद्योग करून ठेवला होता. लग्नाआधी ताई काळी चारमध्ये गायची, म्हणून मी कॅलेंडरच्या कडा कापून त्यांचे बारीक तुकडे केले, त्यांवर सा, रे, ग, म लिहिलं आणि मैद्याच्या खळीनं ते गिटारच्या दांडीवर, तारांखाली, आपापल्या घरात चिकटवून टाकले. काळी चारच्या हिशेबानं. पहिल्या पाच पडद्यांत, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या कड्यांनी पाडलेल्या पाच घरांत, माझं सगळं सप्तक बसत होतं. पाचव्या पडद्यापुढे कागद नव्हते आणि मी तिकडे फिरकतही नव्हतो. ती सगळी कोरी, काळी, गुळगुळीत दांडी पाहिली की मला खाडीच आठवायची.

पेटीवाला कुठल्याही पट्टीत सा धरतो, सा हा गाणाऱ्याबरोबर फिरणाराच, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही तो मी खळीनं चिकटवून टाकला. शिकलेल्या माणसानं असा मूर्खपणा का करावा, याला भीतीखेरीज दुसरं उत्तर नाही.

मनोरीला निघण्याआधी मी ते कागद ओल्या फडक्यानं काढायचो आणि परत आल्यावर पुन्हा चिकटवायचो. मास्तर लग्नांतून वाजवणारे, साठीच्या पुढचे, जाड भिंगांचा चष्मा. घरासमोर मांडवावर बोंबील वाळत असत आणि आम्ही ओट्यावर बसत असू. एकदा त्यांनी माझ्या गिटारच्या दांडीवरून अंगठा फिरवला आणि तो नाकाशी नेला. "काय लावलंस रे हिला? पोळ्या लाटल्यास काय हिच्यावर?"

मला खोटं बोलता येत नाही. त्यालाही धैर्य लागतं. मी सगळं सांगून टाकलं. ते रागावतील म्हणून मी मान खाली घातली होती. ते उठले, आतून टॉवेल आणला आणि माझ्या डाव्या हातावर, गिटारच्या दांडीसकट, पसरून टाकला.

"आता वाजव, बाला. बघून नाय वाजवायचा."

काहीही धड वाजलं नाही. हातच सापडेना. ते टॉवेलवर बोट ठेवून सांगत राहिले, "एकच सूर पाच-सहा घरात जेवतो. तुला एकच घर ठाऊक. त्या घराला कुलूप असला तर काय उपाशी मरणार? पैल्या तारेवरचा सूर दुसऱ्या तारेवर पाच घरं पुढं. दुसरीवरचा तिसरीवर चार घरं पुढं, तिथंच सगळे पडतात. आधी घरं शोध, गाणं नंतर."

पुढचे सगळे रविवार टॉवेलखाली गेले. ते एक सूर गुणगुणायचे आणि मी तो सगळ्या तारांवर शोधायचा. पाचव्या पडद्यापुढे गेलो की माझी बोटं थंड पडायची. घरी आलो की मात्र खळ शिजवून कागद परत चिकटवायचो. मास्तरांना वचन दिलं होतं, कागद पुन्हा लावणार नाही म्हणून. पण ताईचं गाणं माझ्या अंदाजावर सोडायचं? मला तेवढं धाडस नव्हतं.

घरच्या तालमी बऱ्या होत होत्या. ताई वरच्या सुराला कपाळावर आठी घालायची आणि रोज झोपण्याआधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची. मी आपला माझ्या बोटांत गुंग.

गणपतीतला तो दिवस. संध्याकाळची आरती झाली, मैदानात सतरंज्या पसरल्या, माणसं बसली. नाकं मुरडणाऱ्या म्हाताऱ्या पहिल्या रांगेत होत्या; अशा लोकांना जागा नेहमी पुढची मिळते. मी दांडीवरचे कागद पुन्हा पुन्हा मोजत होतो. पेटीमास्तरांनी काळी चारचा सूर धरला. ताईनं डोळे मिटले. ती ओळ उचलणार, इतक्यात तिनं हातानंच पेटी थांबवली. आणि मग पेटीशिवाय, तबल्याशिवाय, एकटीनं पहिली ओळ म्हटली.

खूप खाली. भरदार, दाट, मी कधी न ऐकलेल्या आवाजात. पट्टी साफ उतरली होती.

मला वाटलं, ती घाबरली. संपलं सगळं. पेटीमास्तरांची बोटं क्षणभर हवेत राहिली, मग त्यांनी पट्टी पकडली आणि ओठ न हलवता माझ्याकडे पाहत कुजबुजले, "अरे वाट लागली! पांढरी चार, पांढरी चार!" तबलजीनं तबला जुळवायची हातोडी उचलली, परत ठेवली आणि बरंचसं डग्ग्यावरच निभवायला घेतलं. त्यांची सोय झाली. माझ्या दांडीवर मात्र पंधरा कागद होते आणि आता त्यातला एकही खरा नव्हता.

पहिला तुकडा आला. मी कागदावरचा सा वाजवला. तो काय वाजला म्हणता! पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं शेजारणीकडे पाहिलं. मी हात उचलला. गिटार गप्प. पेटीमास्तरांनी खोकत खोकत तो तुकडा कसाबसा भरून काढला. ताईनं मागे वळून पाहिलं नाही. तिची पाठ मला दिसत होती आणि ती ताठ होती. मला पळून जायचं होतं. खोटं कशाला सांगू, स्टेजच्या मागची शिडी कुठल्या बाजूला आहे तेही मी पाहून घेतलं.

ती दुसरं कडवं गात होती आणि मी दांडीकडे बघत होतो. पहिल्या तारेच्या पहिल्या पडद्यावर जिथे 'ध' लिहिलं होतं तिथे आता तिचा सा होता. बाकीचे कागद मनातल्या मनात बदलायला लागलो तर सगळाच गोंधळ. एक अक्षर वाचायचं, दुसरं वाजवायचं, माझ्याच्यानं ते होणं शक्य नव्हतं. कागद नव्हते ते फक्त पाचव्या पडद्यापुढे. पहिल्या तारेचा पहिला पडदा, म्हणजे मास्तरांच्या हिशेबानं दुसऱ्या तारेचा सहावा. मी डोळे मिटले आणि हात वर सरकवला. 

शेवटच्या कडव्याआधीचा तुकडा आला. दुसऱ्या तारेचा सहावा पडदा दाबला. सा होता. तिचाच सा. पुढचा रे सापडला. ग चुकला, तो मी तार ओढून जागेवर आणला. पहिल्या तारेवर आठव्या पडद्यावर पंचम असायला हवा होता, आणि तो होता. अख्खा तुकडा काही मी वाजवला नाही. निम्मे सूर मी गाळले, उरलेले लांबवले. पण जे वाजले ते खरे वाजले. ताईनं शेवटचं कडवं उचललं तेव्हा मी डोळे उघडले. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

टाळ्या पडल्या. खूप नव्हे, पण मनापासून. म्हाताऱ्यांनी वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही, माझी छाती नव्हती.

घरी चालत येताना मी ताईला म्हटलं, "घाबरलीस ना? म्हणून पट्टी उतरली."

"मी नाही घाबरले," ती म्हणाली. "माझा आवाजच उतरलाय रे. सासरी मोठ्यानं गायची सोय नव्हती. चुलीपाशी हळू गुणगुणायची, मग तेही बंद झालं. काळी चार मला आता नाही पेलत. चार महिने घसा सोलवटून निघत होता."

"मग सांगायचंस ना!"

"तुझे कागद काळी चारचे. सांगितलं असतं तर तू वाजवलं असतंस?"

 नसतं वाजवलं. काहीतरी सबब काढली असती, बोट कापलं म्हणून पट्टी बांधून बसलो असतो.

"तू नसतास तर मी गायले नसते," ती म्हणाली. "मग काय, चढत राहिले वर. आज तिथे बसल्यावर वाटलं, पडायचंच असेल तर एकदा आपल्या आवाजात गाऊन पडू."

मला रस्त्यातच रडू फुटलं. चार महिने मी समजत होतो की घरातली सगळी भीती मी एकटा सोसतोय. ती सोसत होती ताई, रोज संध्याकाळी, माझ्यासाठी, स्वतःच्या गळ्यावर. आणि मी शेजारी बसून एकदाही तिला विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं सवयीनं मिठाचं पाणी गरम करायला ठेवलं.

"उद्यापासून पांढरी चार," मी म्हणालो.

"आणि आवाज अजून उतरला तर?"

"तर तिथे येईन."

बोलताना माझा आवाज कापत होता. तिला ते कळलं असणार, पण तिनं फक्त गरम करायला ठेवलेलं मिठाचं पाणी मोरीत ओतून दिलं.