परंड्याची फायनल आणि येरमाळ्याचा बिरू

दुसरा हाफ सुरू व्हायच्या वेळी येरमाळ्याचा बिरू परंड्याच्या गड्यांत जाऊन उभा राहिला. लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. कबड्डीत हाफ टाइमनंतर बाजू बदलतात, आणि हा जुन्याच बाजूला गेला होता. पंचांनी त्याला हाताला धरून पलीकडं नेलं.

मला हसू आलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी परंड्याच्या सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर होतो. जिल्ह्यातल्या हौशी मंडळांची कबड्डीची स्पर्धा त्या साली आमच्या गावात होती. बाद पद्धतीची, म्हणजे एक मॅच हरली की घरी. आदल्या दिवशी येरमाळ्यानं कळंबला हरवलं होतं. फायनल परंडा विरुद्ध येरमाळा. बक्षिसाच्या कपाशेजारच्या खुर्चीत तहसीलदारसाहेब, त्यांच्या शेजारी मी.

पहिल्या हाफच्या शेवटी बिरूला चौघांनी मिळून धरलं होतं. त्या झोंबाझोंबीत कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो क्षणभर पडून राहिला, मग उठला, माती झटकली. रक्त नाही, सूज नाही. तेव्हा मीही काही बोललो नव्हतो. पण आता मी पंचांना हात करून खेळ थांबवला आणि त्याला बाहेर बोलावलं.

"गाव कोणतं तुझं?"

"येरमाळा."

"आज कुणाशी खेळतोय?"

"कळंबशी," तो म्हणाला. मग शांतपणे विचारलं, "डाक्टरसाहेब, मॅच कवा सुरू व्हायची?"

मी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, पल्स पाहिली. दोन्ही ठीक. एवढ्यात त्यानं पुन्हा विचारलं, "मॅच कवा सुरू व्हायची?"

याला आम्ही कन्कशन म्हणतो. मेंदूला बसलेला हादरा. वरून काही दिसत नाही. माणूस चालतो, बोलतो, पण मधला काही वेळ डोक्यातून पुसला जातो. बहुतेक वेळा विश्रांतीनं बरं वाटतं. काही वेळा मात्र कवटीच्या आत रक्त साचत असतं आणि ते कळेपर्यंत उशीर होतो. डोक्यावर दुसरा मार बसला तर रिस्क आणखी वाढते. आज कवटीच्या आतला फोटो काढता येतो. तेव्हा जवळ बसून लक्ष ठेवणं एवढंच हातात होतं.

"हा खेळणार नाही," मी म्हणालो.

येरमाळ्याचा कॅप्टन शंकर मास्तर, गावातल्या प्राथमिक शाळेचा शिक्षक, धावत आला.

"साहेब, आमच्याकडं राखीव गडी न्हाय. एक होता, त्याचा पाय काल मुरगळला."

"मग सहा जणांनी खेळा."

"बिरूशिवाय?" तो एवढंच म्हणाला.

बिरू मेंढरं राखणाऱ्या घरातला. अंगानं सडपातळ, पण चढाईला गेला की रिकाम्या हातानं परत येत नसे. येरमाळा फायनलला आलं होतं ते त्याच्या जोरावर.

तहसीलदारसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टर, त्याला तर काहीच झालेलं दिसत नाही."

"दिसत नाही, साहेब. पण झालंय."

"तुम्ही परंड्याचे डॉक्टर. बसवताय येरमाळ्याचा गडी. लोक काय म्हणतील, विचार केलाय?"

"केलाय."

"आणि परंड्याचा गडी असता तर?"

"त्यालाही बसवलं असतं."

"हे लोकांना कोण सांगणार?" ते म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. बरोबरच होतं त्यांचं. सांगून कुणाला पटलं नसतं.

सहा गडी शर्थीनं खेळले. शेवटच्या चढाईपर्यंत कुणाचं काय होणार ते कळत नव्हतं. परंडा दोन गुणांनी जिंकलं. येरमाळ्याहून आलेल्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर येऊन म्हणाले, "डाक्टर, तुमच्या गावाला लई मदत केली तुमी." मी मान खाली घालून बॅग उचलली. आमच्या गावच्या लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती जास्त लागली.

बिरूला मी दवाखान्यात ठेवून घेतलं. संध्याकाळी त्याला दोनदा उलटी झाली, तेव्हा मी सोलापूरला हलवायच्या तयारीला लागलो. पण पुढं पल्स स्थिर राहिली, उलटी थांबली. शंकर मास्तर त्याच्या उशाशी बसून होता. सकाळी बिरू पूर्ण भानावर, ताजातवाना उठला. फायनल मात्र त्याला अजिबात आठवत नव्हती.

"कोण जिंकलं?" त्यानं मास्तरला विचारलं.

पुढच्या चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरी देवीच्या जत्रेत मी कॉलऱ्याची लस टोचायच्या ड्युटीवर होतो. बिरू रांगेत आला. बाही वर करत म्हणाला, "मला बसवलं नसतं तर कप आमचाच हुता."

"असेलही."

"खेळलो असतो तर मेलो असतो का मी?"

"ठाऊक नाही. कदाचित काहीच झालं नसतं."

खोटं बोललो असतो तर त्याला बरं वाटलं असतं, मलाही. लस टोचून झाली, तो दंड चोळत गर्दीत गेला.

मैदानावर डॉक्टरला बोलावतात ते बहुधा खुर्ची भरायला. त्यानं तोंड उघडलं की एक बाजू नाराज होणारच. ती कोणती होईल, हे आधी बघून जो बोलतो, त्यानं खुर्चीतच बसून राहावं.