तंबाखूचे बारा डबे

प्रभाकरकाका गेले त्याला आता सहा आठवडे होत आले. जयगडच्या बंदरावर सकाळच्या ड्यूटीला निघालो होतो, तेवढ्यात रत्नागिरीहून चुलत बहीण मंजूचा फोन आला. "दादा, बाबा गेले," एवढंच म्हणाली. फुफ्फुसांनी साथ सोडली होती. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी व्यसनाचं विचारलं, तेव्हा काकूने ठामपणे सांगितलं होतं, "पाइप ओढायचे. पण मंजूला दमा निघाला, त्या दिवशी सोडलंनी. पुन्हा शिवले नाहीत."

काका मालवाहू जहाजांवर इंजिनीअर होते. रजेवर घरी आले की त्यांना एका जागी बसवत नसे. पाइप सुटल्यावर तर हातांना काही ना काही लागायचंच... सुपारी कातरतील, बरा चाललेला पंप उगाच उघडून बसतील, तेही झालं की मांडवीच्या जेटीपर्यंत चालत जाऊन परत येतील. जेवतानासुद्धा एक पाय हलत असायचा. काकू म्हणायची, "अहो, जहाज थांबलंय, आता तुम्हीही थांबा." ते कसनुसं हसत आणि पाय हलतच राही.

महिन्याभराने माळ्यावरची त्यांची लोखंडी पेटी मी आणि मंजूने खाली काढली. गणवेशाच्या खाली, मेणकागदात गुंडाळलेले पत्र्याचे बारा चपटे डबे निघाले. पाइपचा तंबाखू. काकू म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मला खोटं सांगितलंनी?" मंजू म्हणाली, फेकून देऊया, झालं. पण काकूचं जेवणातलं लक्ष उडालं. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबू, हे कधीचे ते शोधून दे. पाइप सोडण्याआधीचे असले तर माझं काही म्हणणं नाय."

मी डबे जेवणाच्या टेबलावर मांडले. दमट हवेने काहींचे तळ गंजले होते, एकाचं झाकण फुगलं होतं. काहींवर बंदरातल्या दुकानांच्या किमतीच्या चिठ्ठ्या होत्या... हॉलंडचे गिल्डर, जर्मनीचे मार्क, नंतरच्यांवर युरो. आरोग्याचा इशारा जुन्या डब्यांवर बारीक अक्षरात, नव्यांवर अर्धं झाकण व्यापून. मग काकांचं खलाशीपुस्तक घेतलं. कुठल्या बंदरात जहाजावर चढले, कुठे उतरले, सगळे शिक्के त्यात होते. डबा आणि शिक्का जुळवत दुपार गेली. एका सफरीला एक डबा, असा हिशेब बसत गेला. आणि बाराही डबे मंजूच्या दम्यानंतरचे.

काकूला हे सांगणं भाग होतं. पण सांगण्याआधी मी डबे एकेक करून हलवून पाहिले, कडा तपासल्या. अकरा डब्यांचं सील शाबूत होतं. माणूस प्रत्येक सफरीत डबा विकत घेत होता, महिनोन्‌महिने जवळ बाळगत होता आणि न उघडता घरी आणून लपवत होता. काकू ऐकत होती. "टाकून का नाही दिलंनी?" तिने विचारलं.

बारावा डबा उघडलेला होता, अर्धा रिकामा. त्याची चिठ्ठी गिल्डरची. खलाशीपुस्तकातली ती सफर पुन्हा पाहिली आणि मी उठून अंगणात गेलो. ती सफर चालू असतानाच इकडे घरी माझे बाबा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, वारले होते. जहाजावर निरोप पोचला, पण काकांना उतरता आलं नाही. अडीच महिन्यांनी आले, अंगणात उभे राहिले आणि मला म्हणाले, "पंप नीट चालतोय ना?" मी बावीस वर्षांचा होतो. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. सणाला वाकून नमस्कार केला, आजारपणात धावलो, पण मनातली अढी गेली नाही.

काकू मागोमाग बाहेर आली. तिच्याही लक्षात आलं होतं. "तेव्हा ओढलंनी ते बरं केलंनी," ती म्हणाली. डबा तिने माझ्या हातात दिला. "हा तू ने."

आता तो जयगडला माझ्या टेबलावर आहे. झाकण उघडलं की सुकलेल्या अंजिरासारखा वास येतो. परवा बंदरावरच्या एका जुन्या खलाशाला विचारलं, अर्ध्या डब्यात पाइप किती भरतात? "दहा-बारा," तो म्हणाला. म्हणजे दहा-बारा वेळा तरी काका भर समुद्रात कुठेतरी एकटे, हात थांबवून बसले असतील... माझ्या बाबांसाठी. आणि मी पंचवीस वर्षांत त्यांना एकदाही विचारलं नाही.